कॅडमधला कर्सर पुन्हा पुन्हा बिघडतो? आधी दुखणं फाइलचं की मशीनचं ते ठरवा

शृंगारतळीत माझं छोटं ड्रॉइंग ऑफिस आहे. घरांचे प्लॅन, परवानगीचे नकाशे, मोजणीवरून साइट प्लॅन ही रोजची कामं. माझ्याकडे शिकून गेलेली पोरं आता गुहागर-चिपळूण भागात स्वतःची कामं घेतात आणि अडलं की फोन करतात. फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "ताई, कर्सर बिघडलाय."

मी लगेच विचारते, "म्हणजे करतोय काय?" कारण या एका तक्रारीत पाच-सहा वेगळी दुखणी असतात. एकाचा कर्सर बेडकासारखा उड्या मारत जातो. एकाचा तिरका होऊन बसलेला असतो. एकाचा चिखलातून पाय ओढावा तसा मागून येतो. कोणाचा नको त्या कोपऱ्याला जाऊन चिकटतो, कोणाला तो दिसतच नाही. प्रत्येकाचं औषध निराळं. पण घाईत सगळे एकच करतात: सगळी सेटिंग मूळ जागी आणायची, नाहीतर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायचं. अर्धा दिवस त्यात जातो, कर्सर सुतासारखा सरळ होतो, आणि आठवड्याभरात तेच दुखणं परत दारात.

ते परत का येतं, तेच इथे सविस्तर लिहितेय. मी ऑटोकॅड या कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या (कॅड) सॉफ्टवेअरवर काम करते, त्यामुळे नावं त्यातली आहेत. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंगच्या, फाइलवर चालणाऱ्या इतर सॉफ्टवेअरमध्येही यातली बरीच नावं तीच आहेत. आज्ञा मी देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग सलग टाका, मधे जागा सोडू नका. ऑटोकॅडमध्ये स्पेसबार म्हणजे एंटरच. अर्धं नाव लिहून स्पेस दिली की तेवढीच आज्ञा जाते आणि तुम्ही भलतीकडेच पोचता.

सेटिंग राहतं कुठे

कर्सरचं सेटिंग दोन घरांत वाटलेलं असतं. काही गोष्टी तुमच्या कॉम्प्युटरवर, तुमच्या प्रोफाइलमध्ये राहतात. क्रॉसहेअरची, म्हणजे कर्सरच्या आडव्या-उभ्या दोन रेघांची, लांबी ठरवणारा कर्सरसाइझ, निवडीच्या चौकोनाचा पिकबॉक्स, ओस्नॅपचे (कर्सरला टोक, मध्य अशा नेमक्या जागी चिकटवणारी सोय) चालू बिंदू सांभाळणारा ओएसमोड, चाकाच्या झूमचा झूमफॅक्टर, चाक दाबल्यावर पॅन होणार की मेनू उघडणार ते सांगणारा एमबटनपॅन, ही सगळी या घरातली मंडळी. दुसरं घर म्हणजे ड्रॉइंगची फाइल. कर्सरला ठरावीक अंतरावरच थांबवणाऱ्या स्नॅपचे स्नॅपमोड, स्नॅपयुनिट, स्नॅपअँग, रेघा आडव्या-उभ्याच ठेवणारा ऑर्थोमोड आणि फाइल सेव्ह करताना फिरवून ठेवलेला यूसीएस (ड्रॉइंगचे एक्स-वाय अक्ष) हे सगळं फाइलबरोबर प्रवास करतं.

रिसेट केलंत की पहिलं घर झाडून निघतं. दुसऱ्या घराला हातही लागत नाही. सर्व्हेवाल्याने स्नॅप चालू ठेवून फाइल सेव्ह केली असेल, तर ती तुमच्याकडे उघडल्यावर स्नॅप चालूच असणार, तुमचं मशीन कितीही स्वच्छ असो. त्या फाइलपुरतं तुम्ही ते बंद करता, काम उरकता. पुढच्या महिन्यात त्याच माणसाकडून दुसरी फाइल येते आणि तुम्ही म्हणता, "परत बिघडलं!" काहीच बिघडलेलं नसतं. तेच सेटिंग नव्या फाइलबरोबर परत आलेलं असतं.

उलटंही होतं. दोष मशीनमध्ये असतो आणि आपण प्रत्येक फाइलमध्ये तो शोधत बसतो.

म्हणून माझी पहिली तपासणी अशी. बिघडलेली फाइल तशीच उघडी ठेवायची आणि शेजारी कोऱ्या टेम्प्लेटवरून नवीन ड्रॉइंग उघडायचं. दोन रेघा, एक वर्तुळ काढून बघायचं. कंट्रोल आणि टॅब दाबून एकीतून दुसरीत जायचं, परत यायचं. नव्या ड्रॉइंगमध्ये कर्सर शहाण्यासारखा वागला तर दुखणं फाइलचं. तिथेही तोच प्रकार असेल तर कॅड छोटं करून डेस्कटॉपवर माउस फिरवा, एखादं फोल्डर उघडून बघा. तिथेही तो नाचत असेल तर कॅडचा काही दोष नाही. माउस, टचपॅड किंवा विजेकडे वळा. डेस्कटॉपवर ठीक आणि कॅडच्या प्रत्येक फाइलमध्ये वाईट, असं असेल तर प्रोफाइल किंवा ग्राफिक्स. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचा सगळा शोध यावरच ठरतो.

डेस्कटॉपवरही नाचतो तेव्हा

आमच्याकडे शिकलेली एक मुलगी सड्यावरच्या घरातून काम करते. एप्रिलमध्ये तिचा फोन आला, "ताई, कर्सर अंगात आल्यासारखा नाचतोय. माउस बदलून झाला, दुसरा आणला, तरी तेच." मी गेले. ओटीवर टेबल, त्यावर लॅपटॉप. माउसला हात न लावताही कर्सर बोटभर इकडे, बोटभर तिकडे थरथरत होता. मधेच आपोआप क्लिक होऊन निवडलेली भिंत सुटायची. मी लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली. कड खरखरीत लागली, बारीक मुंग्या आल्यासारखी. चार्जरची पिन सॉकेटमधून काढली आणि पुन्हा बोट फिरवलं, तर कड गुळगुळीत. पडद्यावरचा कर्सरही जागच्या जागी थांबलेला. पिन लावली की नाच सुरू, काढली की बंद. तिने स्वतः चार वेळा करून बघितलं.

टचपॅड बोटाचा स्पर्श ओळखतो तो विद्युतभारातल्या अगदी बारीक फरकावरून. चार्जरला नीट अर्थिंग मिळालं नाही की त्यातला विजेचा गोंगाट लॅपटॉपच्या अंगावर चढतो आणि टचपॅडला नसलेली बोटं जाणवायला लागतात. माउस कितीही बदला, नाचवणारा टचपॅडच असतो. आपल्याकडे हे उन्हाळ्यात जास्त दिसतं. सड्यावर मातीचा थर नावापुरता, खाली सगळा जांभा, आणि पाऊस संपून पाच-सहा महिने झालेले. कोरड्या कातळातून वीज जमिनीत सहज उतरत नाही. अर्थिंगचा खड्डा असला तरी तो कोरडा ठणठणीत पडलेला असतो.

तात्पुरता इलाज सोपा आहे: विंडोजच्या टचपॅड सेटिंगमध्ये माउस जोडलेला असताना टचपॅड बंद राहील असं करून ठेवा. खरा इलाज मात्र वायरमनकडूनच करून घ्यायचा. सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थिंगची तार खरंच आलीय का, खड्ड्यात ओल आहे का, हे त्याने मीटर लावून बघायला हवं. कृपा करून चार्जरची तिसरी पिन मोडू नका, दोन पिनांच्या जुगाडावर लावू नका. कर्सर ही त्यातली सगळ्यात लहान अडचण आहे. तारेत मोठा दोष आला तर जिवाशी खेळ होतो.

टचपॅडचा संबंध नसेल तर माउसखालची जागा बघा. काच किंवा पॉलिश मारलेल्या चकचकीत सागवानी टेबलावर माउसखालच्या सेन्सरला पकड मिळत नाही. एक साधा कागद ठेवून बघा. पावसाळ्यात दमट, खाऱ्या हवेने यूएसबीची टोकं काळवंडतात, माउस मधेच तुटतो आणि जोडतो. दुसऱ्या पोर्टला लावून बघितलं की लगेच कळतं.

उड्या मारणारा कर्सर

कर्सर ठरावीक अंतर सोडून पुढच्या ठिकाणी टपकत असेल, मधल्या जागी थांबतच नसेल, तर जवळजवळ नेहमी स्नॅप चालू असतो. एफ९ दाबा. ऑर्थोसाठी एफ८ दाबताना बोट शेजारी सरकतं आणि तो चालू होतो, इतकं साधं कारण असतं. लॅपटॉपवर एफ९ थेट चालत नसेल तर एफएन धरून दाबा.

इथे एक फसवी गोष्ट आहे. नव्या आवृत्त्यांत कोणतीही आज्ञा चालू नसताना कर्सर मोकळा फिरतो आणि रेघ काढायला घेतली रे घेतली की उड्या सुरू होतात. त्यामुळे पोरांना वाटतं, रेघेच्या आज्ञेतच काही घोळ आहे. तसं नाही, स्नॅप तेव्हाच कामाला लागतो.

उडी किती मोठी, ते स्नॅपयुनिट ठरवतं. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये ते १० असतं. प्लॅन मिलिमीटरमध्ये असेल तर १० म्हणजे एक सेंटिमीटर, फार जाणवतही नाही. रेघा मात्र चुपचाप चुकत राहतात. तीच १० ची उडी मीटरमध्ये काढलेल्या साइट प्लॅनवर १० मीटरची होते, आणि कर्सर एका गडग्यावरून उडून दुसऱ्या गडग्यावर बसतो. पहिला प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो दिसत नाही.

तिरका कर्सर

क्रॉसहेअरच्या दोन रेघा एकमेकींना काटकोनात आहेत, पण दोन्ही मिळून तिरक्या दिसतात: असं असेल तर बहुधा कोणीतरी यूसीएस फिरवलाय. आपल्याकडे जमिनी क्वचितच उत्तर-दक्षिण सरळ असतात. रस्ता वळतो तसा प्लॉट वळतो, म्हणून काढणारा रस्त्याच्या रेषेला यूसीएस लावून घेतो. ते चांगलंच आहे. फक्त तो तसाच सेव्ह होऊन आलेला असतो. यूसीएस टाइप करा, मग वर्ल्ड निवडा. पाहिजे तर प्लॅन ही आज्ञा देऊन वर्ल्डचं दृश्य सरळ करून घ्या. तरीही तिरपेपण राहिलं तर स्नॅपअँग बघा, तिथे ० हवं.

दोन रेघांमधला काटकोनच गेला असेल, कात्री उघडल्यासारखं दिसत असेल, तर ते आयसोमेट्रिक, म्हणजे तिरक्या त्रिमितीय चित्रासाठीचं, सेटिंग आहे. एफ५ दाबून बाजू बदलतात, बाहेर येता येत नाही. स्नॅपची आज्ञा देऊन स्टाइलमध्ये स्टँडर्ड निवडा, किंवा नव्या आवृत्तीत खालच्या पट्टीवरचं आयसोड्राफ्ट बंद करा.

थरथरणारा कर्सर आणि लाखांतले आकडे

हा भाग जरा नीट वाचा, कारण जीपीएसवर घेतलेले सर्व्हे आता सगळीकडे येतात आणि हे दुखणं त्यांच्याबरोबर येतं.

लक्षण असं. फाइल उघडली, दूरून बघताना सगळं ठीक. घराच्या कोपऱ्यावर झूम करत गेलात की क्रॉसहेअर कंप पावतो, वर्तुळ दातेरी दिसतं, ओस्नॅपची खूण टोकावर न उमटता थोडी बाजूला उमटते, पॅन करताना चित्र हिसके देत सरकतं. नवीन ड्रॉइंगमध्ये यातलं काहीच नाही. म्हणजे दुखणं फाइलचं. आता आयडी आज्ञा देऊन एखाद्या कोपऱ्यावर क्लिक करा आणि आकडे वाचा.

आपलं सगळं कोकण यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे पट्टे करून मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीच्या, ४३ व्या पट्ट्यात येतं. गुहागरच्या आसपास ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) तीन लाख मीटरच्या पुढे आणि नॉर्थिंग (उत्तरेकडचा आकडा) एकोणीस लाख मीटरच्या पुढे असतं. म्हणजे तुमचं दहा-बारा मीटरचं घर ड्रॉइंगच्या शून्यापासून एकोणीसशे किलोमीटर लांब बसलेलं आहे. फाइल हे आकडे पंधरा-सोळा अंकांच्या अचूकतेने साठवते, तिला त्रास नाही. पण पडद्यावर चित्र उमटवताना ग्राफिक्स कार्ड बरंचसं काम सुमारे सात अंकांच्या अचूकतेने करतं. त्या हिशोबात एकोणीस लाखांच्या घरातल्या दोन शेजारच्या आकड्यांमध्ये ०.१२५ चं अंतर पडतं. मीटरमध्ये बघितलं तर साडेबारा सेंटिमीटर. मधल्या जागा त्या हिशोबाला दिसतच नाहीत, म्हणून चित्र आणि कर्सर अलीकडच्या किंवा पलीकडच्या आकड्याकडे ढकलले जातात.

म्हणूनच गंमत अशी की माप घेतलं तर ते बरोबर येतं. डिस्ट आज्ञेने भिंत मोजा, मिलिमीटर चुकणार नाही. दिसतं चुकीचं, आहे बरोबर. हे ओळखता आलं की घाबरून सर्व्हे परत पाठवायची वेळ येत नाही.

इलाज आहे तो नकाशा शून्याजवळ आणण्याचा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. ती जशी आली तशी बाजूला ठेवायची. तिची प्रत काढायची. सगळे लेयर (ड्रॉइंगचे थर) फ्रीज आणि लॉकमधून मोकळे करायचे, नाहीतर त्यावरच्या वस्तू जागीच राहतात आणि नकाशा फाटतो. मग मूव्ह आज्ञेने सगळं निवडून, डिस्प्लेसमेंट म्हणून -३०००००,-१९००००० द्यायचं. आकडे गोलच घ्या, म्हणजे परत नेताना डोक्यात राहतात. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहून ठेवा, "मूळ निर्देशांकांतून इतके वजा केलेत." नंतर माहितीच्या एका दगडावर आयडी देऊन वजाबाकी जुळते का ते बघा.

आकडे टाइप करताना आपल्या सवयीचा स्वल्पविराम घालू नका. कागदावर आपण ३,००,००० लिहितो. ऑटोकॅड त्याचा अर्थ एक्स ३, वाय ०, झेड ० असा घेतं. एका पोराने तसं करून अख्खा प्लॉट तीन मीटर सरकवला होता आणि दोन दिवस ते लक्षात आलं नव्हतं.

नुसता यूसीएसचा शून्यबिंदू प्लॉटजवळ नेऊन हे सुटत नाही, हे आवर्जून सांगते, कारण तो सल्ला फार ऐकू येतो. यूसीएस बदलला तरी वस्तू आपल्या मूळ वर्ल्ड निर्देशांकांतच राहतात. वाचायचे आकडे लहान होतात, थरथर तशीच.

सरकवून झाल्यावर शून्यापाशी किंवा जुन्या जागी एखादी एकटी रेघ, एखादा विसरलेला बिंदू राहिलाय का ते बघा. चाकावर दोनदा क्लिक झालं की झूम एक्स्टेंट्स होतं. अशी एक रेघ लांब पडलेली असेल तर अख्खा प्लॅन तिळाएवढा होऊन दिसेनासा होतो आणि पुढचा फोन येतो, "ताई, ड्रॉइंग गायब झालं."

नको तिथे चिकटतो, किंवा चिकटतच नाही

चिकटण्यामागे ओस्नॅप असतो. यादीतल्या सगळ्या खुणांना टिचक्या मारून ठेवल्यात तर प्रत्येक इंचावर काहीतरी ओढणारच. मी एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर आणि इंटरसेक्शन एवढेच कायम चालू ठेवते. निअरेस्ट कधीच नाही. तो चालू असला की रेघ टोकाऐवजी टोकाच्या जवळ कुठेतरी लागते आणि हॅच (बंद हद्दीत भरलेली रेघांची नक्षी) भरताना हद्द बंद नाही म्हणून ओरड सुरू होते. एखाद्या वेळी दुसरा बिंदू हवा असेल तर शिफ्ट धरून उजवं क्लिक करा आणि तेवढ्यापुरता निवडा. दोन-तीन बिंदू एकाच जागी गर्दी करत असतील तर टॅब दाबत जा, एकेक करून पुढे येतात. चिऱ्याच्या दर्शनी भागावर हॅचच्या रेघांना कर्सर चिकटत असेल तर ऑप्शन्सच्या ड्राफ्टिंग पानावर हॅच वस्तू दुर्लक्षित करण्याची खूण लावा.

उलट तक्रार म्हणजे ओस्नॅप आपोआप जातो, रोज लावावा लागतो. इथे ओएसमोडचा आकडा सगळं सांगतो. माझ्या चार बिंदूंची बेरीज ३९ होते: एंडपॉइंटचा १, मिडपॉइंटचे २, सेंटरचे ४, इंटरसेक्शनचे ३२. एफ३ ने ओस्नॅप बंद केला की त्यात १६३८४ मिळवले जातात आणि आकडा १६४२३ दिसतो. तो दिसला तर काळजी नको, पुन्हा एफ३ दाबा, यादी शाबूत आहे. पण आकडा ० दिसला तर तुमची यादीच कोणीतरी पुसलीय, आणि ते काम बहुतेक वेळा लिस्पचं, म्हणजे ऑटोकॅडमध्ये चालवायच्या छोट्या प्रोग्रामचं, असतं. क्षेत्रफळ काढणारी, दारं-खिडक्या बसवणारी छोटी लिस्प आपण एकमेकांकडून घेतो. अशी लिस्प सुरुवातीला ओएसमोड ० करते आणि शेवटी जुना आकडा परत ठेवते. मधेच तुम्ही एस्केप दाबलंत, आणि लिहिणाऱ्याने चूक झाल्यास काय करायचं ते त्यात लिहिलेलं नसेल, तर शेवटची ओळ कधी चालतच नाही. आकडा ० वरच राहतो. दर वेळी कोणती लिस्प चालवल्यावर हे होतं ते दोन दिवस कागदावर टिपून ठेवा, दोषी सापडतोच. ती लिहिणाऱ्याला कळवा, एरर सांभाळणाऱ्या चार ओळी घालायला त्याला वेळ लागणार नाही.

मागून येणारा कर्सर

पावसाळ्यात लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि कर्सर जड होतो. हा बिघाड नाही. बॅटरी वाचवायला मशीन ग्राफिक्सचा वेग कमी करतं. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये कॅडला जास्त ताकदीचं कार्ड नेमून द्या, निदान वीज असताना तरी फरक पडेल.

वीज असूनही जडपणा असेल तर ग्राफिक्सकॉन्फिग टाइप करा आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा. बंद केल्यावर कर्सर हलका झाला तर कार्डाचा ड्रायव्हर जुना किंवा नीट न जमणारा आहे. तो बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा घ्या आणि ॲक्सिलरेशन पुन्हा चालू करा. कायमचं बंद ठेवून काम करणं मला पटत नाही.

जुन्या मशीनवर सिलेक्शनप्रिव्ह्यू ० आणि रोलओव्हरटिप्स ० केल्याने बराच दिलासा मिळतो. कर्सर ज्या वस्तूवरून जातो ती उजळायची आणि तिची माहिती दाखवायची, हे काम वाचतं. एकाच फाइलमध्ये जड असेल तर दाट हॅचचा लेयर फ्रीज करा, ऑडिट (फाइलमधल्या चुका दुरुस्त करणारी) आणि पर्ज (न वापरलेलं काढून टाकणारी) या आज्ञा चालवा. पर्जची उणेचिन्ह लावलेली आवृत्ती देऊन रेगॲप्सही (इतर प्रोग्रामनी फाइलमध्ये सोडलेली नावं) काढून टाका, दहा हातांतून फिरलेल्या फाइलमध्ये त्यांचा ढीग साचलेला असतो.

दिसत नाही, निवडत नाही

क्रॉसहेअर दिसत नसेल तर ऑप्शन्सच्या डिस्प्ले पानावर कलर्समध्ये जाऊन त्याचा रंग बघा. पार्श्वभूमी बदलताना दोन्ही एकाच रंगाचे झालेले असतात. मधला चौकोन गेला असेल तर पिकबॉक्स ० झालाय किंवा पिकफर्स्ट आणि ग्रिप्स बंद झालेत. दुसरी वस्तू निवडल्यावर पहिली सुटत असेल तर पिकॲड ० झालाय, तो २ करा. कर्सर दिसतो पण काहीच क्लिक होत नाही, असं असेल तर एखादी खिडकी काढून ठेवलेल्या दुसऱ्या मॉनिटरच्या जागी उघडी असते. एस्केप दाबा.

आकाराबद्दल माझं मत सांगते. कर्सरसाइझ मुळात ५ असतो, म्हणजे पडद्याच्या पाच टक्के. मी ड्रॉइंग बोर्डवर टी-स्क्वेअर लावून शिकले, त्यामुळे दर्शनी भाग काढताना तो १०० करते. क्रॉसहेअर पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो आणि ओटीच्या खिडकीची तळरेषा पडवीच्या खिडकीशी जुळते की नाही ते रेघ न काढताच दिसतं. प्लॅन काढताना १५ पुरतो. पिकबॉक्स पिक्सेलमध्ये मोजला जातो, मूळ आकडा ३. दाट पिक्सेलच्या नव्या पडद्यावर तो टिंबाएवढा दिसतो. ६ ते ८ करा. फार मोठा केलात तर शेजारच्या दोन रेघांतली कोणती निवडली जाईल याचा भरवसा राहत नाही.

परत येऊ नये म्हणून

फाइलमधलं दुखणं थांबवायचा माझा नियम असा: बाहेरून आलेल्या फाइलमध्ये मी काम करत नाही. माझं टेम्प्लेट आहे, त्यात स्नॅप बंद, यूसीएस वर्ल्ड, स्नॅपअँग ०, लेयर माझे. नवीन काम त्यातून सुरू होतं आणि सर्व्हेची सरकवलेली प्रत त्यात एक्सरेफ (बाहेरच्या फाइलचा नुसता संदर्भ) म्हणून जोडली जाते. एक्सरेफबरोबर रेघा येतात, समोरच्याचं स्नॅप-ऑर्थो येत नाही. जोडल्यावर एक माहितीचं अंतर मोजून बघा. एक फाइल मीटरमध्ये आणि दुसरी मिलिमीटरमध्ये असेल आणि एककं चुकीची लिहिलेली असतील तर हजारपटीचा फरक पडतो.

मशीनमधल्या सेटिंगसाठी २०१६ च्या आवृत्तीपासून सिसव्हारमॉनिटर आहे. ज्या गोष्टींवर नजर ठेवायची त्या यादीत घाला, त्यांचे तुम्हाला हवे ते आकडे लिहा. कोणी बदललं की खालच्या कोपऱ्यात सूचना येते आणि तिथूनच सगळं पूर्ववत करता येतं. माझ्या यादीत ओएसमोड, पिकॲड, पिकफर्स्ट आणि पिकबॉक्स आहेत. एफ३ दाबलं तरी ओएसमोडची सूचना येते, त्याने गांगरू नका.

रिसेट करावंच लागलं तर आधी ऑप्शन्सच्या प्रोफाइल पानावरून आपलं प्रोफाइल एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा. आणि रिसेट झाल्यावर ते तसंच्या तसं परत लादू नका, दुखणंही त्याच्याबरोबरच येईल. आधी एक दिवस कोऱ्या प्रोफाइलवर काम करा. कर्सर नीट राहिला तर एकेक सेटिंग हाताने लावत जा, आणि ज्या सेटिंगनंतर तो पुन्हा बिघडेल ते लिहून ठेवा.